आधी पान उलटा, मग औषध शोधा

गॅलरीतल्या जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या की बहुतेक जण जवळची रोपवाटिका किंवा कृषी सेवा केंद्र गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात: "झाडाला कीड लागलीय, काय मारू?" दुकानातून एक बाटली मिळते, फवारणी होते, चार दिवस झाड बरं दिसतं आणि तीन आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. मग आणखी जहाल बाटली आणली जाते. यात औषधाचा दोष बऱ्याचदा नसतोच. कीड कोणती, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

जास्वंदीची कळी गळते ती फुलकिड्यांमुळे, कळीच्या आत वाढणाऱ्या माशीच्या अळीमुळे, पिठ्या ढेकणामुळे किंवा एप्रिलच्या उन्हात कुंडी दुपारीच कोरडी पडल्यामुळेही. चारही कारणांवर इलाज वेगळे आहेत. प्रत्येक किडीची झाडावर बसायची जागा ठरलेली असते, खाण्याची पद्धत ठरलेली असते आणि तिच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की त्या वेळी ती अगदी दुबळी असते. ती जागा आणि तो टप्पा कळला, तर घरच्या कुंड्यांसाठी पाणी, साबण, कात्री आणि निंबोळी एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. ते कळलं नाही, तर महागडं विषही वाया जातं.

झाड वाचायचं कसं?

तपासणीला दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणि एक पांढरा कागद पुरतो. पाहायच्या जागा चार: पानाची खालची बाजू, कोवळा शेंडा, पान फांदीला जिथे जोडलेलं असतं ती बेचकी आणि कुंडीचा काठ. पानाच्या वरच्या बाजूला दिसतं ते बहुधा नुकसान असतं. ते करणारी कीड खाली असते.

पहिली खूण म्हणजे भोकं. पान कुरतडलेलं असेल, त्याला भोकं पडली असतील, तर चावून खाणारी कीड आहे: अळी, नाकतोडा, भुंगेरा किंवा पावसाळ्यात गोगलगाय. पान अखंड आहे, पण पिवळं, आकसलेलं किंवा वळलेलं आहे, तर रस शोषणारी कीड शोधायला हवी.

दुसरी खूण म्हणजे चिकटपणा. पानांवर किंवा कुंडीखालच्या फरशीवर बोटाला चिकट लागत असेल, तर शंका चौघांवर घ्यायची: मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि मऊ खवले कीड. हे कीटक झाडाच्या अन्नवाहिनीत सोंड खुपसून रस पितात. त्या रसात साखर भरपूर आणि वाढीसाठी लागणारी नत्रयुक्त द्रव्यं फार थोडी असतात. पोटापुरतं नत्र मिळवायला त्यांना प्रचंड रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. त्या गोडाला मुंग्या येतात आणि त्याच गोडावर काळी काजळीसारखी बुरशी चढते. म्हणून पानं काळी पडली की बुरशीनाशक आणायची घाई करू नये. वरची रस शोषणारी कीड गेली की काजळीचं अन्नच संपतं आणि उरलेली ओल्या फडक्याने पुसून निघते.

तिसरी खूण ठिपक्यांची. चिकटपणा नाही, पण पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके आहेत किंवा चंदेरी ओरखडे आहेत, तर ते लाल कोळ्याचं नाहीतर फुलकिड्यांचं काम. हे जीव अन्नवाहिनीपर्यंत जात नाहीत. पानाच्या पेशी एकेक करून रिकाम्या करतात. रिकाम्या पेशीत हवा शिरते आणि तो भाग पांढुरका, चमकदार दिसतो.

झाडावर मुंग्या दिसल्या म्हणजे कीड असलीच पाहिजे, असं मात्र नाही. जास्वंदीच्या पानाखाली, मुख्य शिरेच्या बुडाशी, मधुरसाची एक बारीक ग्रंथी असते. किडीचा मागमूस नसतानाही मुंग्या तिथे येतात. पान उलटून खात्री करायची ती यासाठीच.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस

शेंड्याची पानं चुरगळल्यासारखी एकत्र गोळा झालेली आणि त्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके: हा पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर येणाऱ्या पिठ्या ढेकणाच्या अनेक जातींपैकी गुलाबी पिठ्या ढेकूण विशेष उपद्रवी. पीठ बाजूला करून चिरडला तर आतला रंग गुलाबी निघतो. रस पिताना त्याची लाळ झाडात उतरते आणि त्यामुळेच शेंडा वाकडातिकडा होतो. एकदा आकसलेली पानं पुन्हा सरळ होत नाहीत.

मादीला पंख नसतात. ती मेणाच्या पिशवीत काहीशे अंडी घालते. अंगावरच्या मेणामुळे फवारलेलं पाणी थेंब होऊन ओघळून जातं. बाजारातली औषधं फसतात ती इथे. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू मात्र उघडं असतं. त्याच्या अंगावर अजून मेण चढलेलं नसतं आणि ते नवी जागा शोधत रांगत असतं. हाच त्याचा दुबळा टप्पा. सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून एका फवारणीने काम होत नाही. सात-आठ दिवसांच्या अंतराने निदान तीन फवारण्या केल्या, तर मागाहून आलेली पिल्लंही सापडतात.

सुरुवात नेहमी कात्रीने करावी. गोळा झालेले शेंडे कापून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत. कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाकू नयेत. उरलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार मारावी. तुरळक ढेकूण असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टिपावं. स्पिरिट मेण विरघळवतं. हे काम गॅसपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब करावं. नंतर साबणपाणी. मुंग्यांचा बंदोबस्तही त्याच वेळी हवा, कारण त्या गोड स्रावाच्या बदल्यात ढेकणांची राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. स्टँडच्या पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा लावला किंवा पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तर मुंग्यांची वाट बंद होते. वाट्यांतलं पाणी मात्र डासांसाठी आठवड्याच्या आत बदलायचंच.

जास्वंदीच्या गळालेल्या कळ्या नखाने उघडून पाहाव्यात. आत बारीक पांढुरक्या-पिवळ्या अळ्या वळवळत असतील, तर ती कळीमाशी. तिची अळी कळीत वाढते, कळी गळाली की मातीत उतरते आणि तिथे कोष करते. गळालेल्या कळ्या रोजच्या रोज उचलून पिशवीत बंद करणं आणि कुंडीतली वरची माती हलवत राहणं, हा इथला खरा उपाय. कळीच्या आत दडलेल्या अळीपर्यंत वरून मारलेलं औषध पोचतच नाही.

शेवंतीवरचा मावा, गुलाबावरचे फुलकिडे

डिसेंबर-जानेवारीतल्या ढगाळ, गार दिवसांत शेवंतीच्या देठांवर काळपट-तपकिरी आणि गुलाबाच्या कळ्यांखाली हिरवट मावा दाटतो. कण्हेरीवरचा मावा पिवळाधमक असतो. त्याची संख्या एका रात्रीत वाढल्यासारखी वाटते, कारण मादी नराशिवायच पिल्लं देते आणि अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं देते. तिच्या पोटातल्या पिल्लांच्या पोटातही पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात. अनुकूल हवेत पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. गर्दी वाढली की पंख असलेले मावे जन्माला येतात आणि शेजारच्या कुंडीवर उडतात.

मावा मऊ अंगाचा, हळू चालणारा, उघड्यावर बसणारा. म्हणून तो काबूत आणायला सर्वांत सोपा. देठ एका हाताने धरून पाण्याची धार मारली की बहुतेक मावा खाली पडतो आणि पडलेला फारसा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांआड तीनदा हे केलं, तर पुष्कळदा आणखी काही करावं लागत नाही. पानांवर पांढरे कोंड्यासारखे कण दिसले, तर त्या माव्याने टाकलेल्या काती असतात. ती वेगळी कीड समजू नये.

फुलकिडे याच्या अगदी उलट. एक-दोन मिलिमीटर लांबीचे, सडपातळ, पाकळ्यांच्या घड्यांत लपणारे. गुलाबाची कळी अर्धवट उमलून थांबते, पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात आणि कोवळी पानं वर वळतात. फूल पांढऱ्या कागदावर हलकेच आपटलं की बारीक रेघांसारखे जीव पळताना दिसतात. अंडी पानाच्या किंवा पाकळीच्या आत घातलेली असतात आणि बहुतेक जातींची कोषावस्था मातीत किंवा कुंडीतल्या पालापाचोळ्यात जाते. म्हणजे फवारणीच्या दिवशी त्यांच्यातले पुष्कळ जण तिच्या आवाक्याबाहेर असतात. बाधित फुलं-कळ्या काढून टाकणं, कुंडीतला पाला साफ करणं, निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने देत राहणं आणि निळे चिकट सापळे टांगणं, असा चौफेर इलाज करावा लागतो. निळा रंग फुलकिड्यांना ओढतो, पिवळा पांढऱ्या माशीला. सापळ्यांनी कीड संपत नाही; ती आली आहे हे लवकर कळतं आणि तेच मोलाचं आहे.

उन्हाळ्यातला लाल कोळी

मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत गुलाब, मोगरा, जास्वंद यांची पानं धुरकट, निस्तेज दिसू लागली आणि खाली अगदी बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. तो कीटक नाही. आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला जीव आहे. हा फरक औषध निवडताना महत्त्वाचा ठरतो, कारण कीटकांसाठी बनवलेली पुष्कळ औषधं त्याच्यावर चालत नाहीत. घरगुती बागेत सर्रास वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड कोळ्याला मारत नाही. काही कीटकनाशकांनी तर कोळ्यांना खाणारे जीव आधी मरतात आणि फवारणीनंतर कोळी उलट वाढतो.

तीस अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. कोरडी, तापलेली हवा आणि पानांवरची धूळ त्याला मानवते. पाणी मानवत नाही. उन्हाळ्यात सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा देणं, हा म्हणूनच त्याच्यावरचा पहिला इलाज. प्रादुर्भाव फार असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारावं. भर उन्हात किंवा फार तापलेल्या दिवसांत गंधकाने पानं भाजतात. तेलाची फवारणी आणि गंधक यांच्यातही दोन आठवड्यांचं अंतर हवं.

मोगऱ्याच्या जांभळ्या कळ्या

मोगऱ्याची पांढरी कळी जांभळट पडून सुकत असेल तर तिच्यावर बारीक भोक आहे का ते पाहावं. भोक असेल, शेजारच्या कळ्या रेशमी धाग्याने एकमेकींना चिकटलेल्या असतील आणि आत काळ्या डोक्याची हिरवट अळी असेल, तर ती कळी पोखरणारी अळी. एक अळी अनेक कळ्या फस्त करते. बाधित कळ्या खुडून नष्ट कराव्यात आणि उरलेल्या झुपक्यांवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध संध्याकाळी फवारावं. अळीने ते खाल्लं की तिच्या पचनमार्गाचं अस्तर फुटतं आणि ती खाणं थांबवते. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालणारे त्याचे प्रकार मधमाशीला किंवा माणसाला बाधत नाहीत.

मोगऱ्याच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पांढरी, मखमलीसारखी लव उगवलेली दिसली तर अनेकांना ती बुरशी वाटते. ती पुष्कळदा एका अतिसूक्ष्म कोळ्यामुळे आलेली गाठ असते. अशा फांद्या छाटून जाळणं किंवा बांधून टाकणं आणि नंतर गंधकाची फवारणी, हा तिच्यावरचा मार्ग. छाटणीनंतर येणारी नवी फूट निरोगी असते आणि मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे कात्री चालवताना हात आखडू नये.

ज्यांना मारू नये ते

१८९८ च्या आधीपासून दक्षिण भारतातल्या कॉफीच्या मळ्यांना खवले किडीने ग्रासलं होतं. तिच्यावर इलाज म्हणून त्या वर्षी ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलीमस नावाचा छोटा ढालकिडा भारतात आणला गेला. तो इथे रुजला आणि पुढे पिठ्या ढेकणांचा मोठा शत्रू म्हणून नावारूपाला आला. १९९४ साली कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकूण पोचला आणि तिथली जास्वंद, भेंडी, सागाची झाडं होरपळली. तिथेही त्याला आवर घातला तो याच ढालकिड्याने आणि ढेकणाच्या अंगात अंडी घालणाऱ्या एका चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीने.

हे आपल्या गॅलरीशी थेट जोडलेलं आहे, कारण क्रिप्टोलीमसची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरींनी झाकलेली असते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. लोक तिलाच आधी चिरडतात. ओळखायची खूण सोपी आहे: ती ढेकणापेक्षा पुष्कळ मोठी असते आणि भराभर चालते. नेहमीच्या ठिपकेवाल्या ढालकिड्यांची अळीही राखाडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते आणि नेमकी ओळख नसल्यामुळे मारली जाते. माव्याच्या गर्दीत काही मावे फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि निश्चल दिसले, तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. त्या फांदीवर फवारणी करू नये. पुढचं काम ती माशीच करणार आहे.

गुलाबाच्या पानांना कडेने अगदी गोलाईत, कात्रीने कापल्यासारखे तुकडे काढलेले दिसले, तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम. ते तुकडे ती घरट्याच्या अस्तराला वापरते. झाडाचं त्यात काही बिघडत नाही आणि परागीभवन करणारी एक माशी आपल्याकडे नांदते आहे, एवढं त्यातून कळतं.

औषध: कोणतं, किती, कसं

साबणपाणी अंगाला लागेल त्याच किडीला मारतं. साबणातली मेदाम्लं तिचं पातळ आवरण भेदतात. फवारा सुकला की त्याचा प्रभाव संपतो, म्हणून पानाची खालची बाजू नीट भिजलीच पाहिजे. सौम्य द्रवसाबण लिटरला ५ मिलिलिटर पुरे. कपड्यांची पावडर वापरू नये. तिने पानं करपतात.

कडुनिंबाची कहाणी जगाने ऐकण्यासारखी आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा सगळी झाडं उजाड झाली, पण कडुनिंब हिरवे राहिले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी ते नोंदवलं. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतल्या एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत, हे दाखवलं. त्यामागचं मुख्य द्रव्य ॲझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये वेगळं केलं गेलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की प्रयोगशाळेत ते पूर्णपणे बनवायला २००७ साल उजाडावं लागलं. हे द्रव्य किडीची भूक मारतं आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. म्हणजे ते लगेच मारत नाही. परिणाम दिसायला आठवडा लागतो. उन्हात ते लवकर विघटित होतं, म्हणून फवारणी संध्याकाळीच.

घरी करायचं तर ५० ग्रॅम कुटलेल्या वाळक्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने पिळून गाळाव्यात, थोडा साबण मिसळावा आणि त्याच दिवशी वापरावं. निंबोळी तेल असेल तर लिटरला ५ मिलिलिटर, सोबत तेल पाण्यात मिसळण्यापुरता साबण. कोणतीही फवारणी आधी दोन पानांवर करून एक दिवस थांबावं.

झाडाच्या अंगात भिनणारी रासायनिक औषधं घरच्या फुलझाडांवर वापरू नयेत, असं मी ठामपणे सांगेन. ती मुळांतून किंवा पानांतून रसात उतरतात आणि फुलातल्या मधुरसात व परागातही पोचतात. मधमाश्यांच्या धोक्यामुळे युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह अशा तीन द्रव्यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्या घरात हीच जास्वंद गणपतीला वाहिली जाते, तेलात उकळून केसांना लागते. गुलाबाच्या पाकळ्या गुलकंदात जातात, मोगरा गजऱ्यातून केसांत जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्यांच्यामुळे शेतात माणसं मरतात तसली विषं बंद गॅलरीत, लहान मुलं, मांजरं आणि वाळत घातलेले कपडे यांच्यात फवारायची नाहीत. औषधाच्या वेष्टनावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. दुकानात बाटली हातात घेतली की किंमत पाहण्याआधी तो पाहावा.

आठवड्याची दहा मिनिटं

कीड येऊच नये यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात. रोपवाटिकेतून आणलेलं नवं झाड दोन-तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावं. पिठ्या ढेकूण बहुतेक वेळा घरात येतो तो असाच. युरियासारखं नत्रखत सढळ हाताने देऊ नये. त्याने येणारी लुसलुशीत फूट रस शोषणाऱ्या किडींची मेजवानी ठरते. आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत. वारा खेळला आणि पानं एकमेकांना टेकली नाहीत, की कीड पसरायला वेळ लागतो.

चौथी गोष्ट मात्र या तिन्हींहून मोठी आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडाची चार-पाच पानं उलटून पाहावीत. पाच मावे दिसले तर बोटाने पुसले जातात. पाचशे झाले की फवारणी लागते. पाच हजार झाले की झाडच अर्धं छाटावं लागतं. किडीचा वेग तिच्या पिढ्यांमध्ये असतो आणि तो पहिल्या पिढीतच अडवणं सर्वांत सोपं. एकही कीड नसलेलं झाड हे मात्र ध्येय मानू नये. थोडा मावा राहू दिला, तरच ढालकिडा येतो आणि टिकतो. फुलं भरभरून येत असतील आणि नवी फूट सरळ वाढत असेल, तर झाड त्याची लढाई जिंकतं आहे. त्या आठवड्यात फवारणीचा पंप बाजूलाच राहू द्यावा.